मालक भला असला तरी



१ मे ह्या तारखेला आपल्याकडे तीन गोष्टी एकत्र येतात. महाराष्ट्र दिन, जागतिक कामगार दिन आणि कामगार संत योसेफ ह्यांचा सण. ह्यातला शेवटचा सण तसा नवा आहे. पोप पायस बारावे ह्यांनी तो १९५५ साली सुरू केला आणि मुद्दाम १ मे हाच दिवस निवडला, कारण जगभरचे कामगार त्या दिवशी रस्त्यावर येत होते आणि ख्रिस्तसभेला त्यांच्यापासून दूर राहायचे नव्हते. योसेफाच्या हातातल्या करवतीविषयी आणि रंध्याविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. मात्र योसेफाला कामाचे पैसे वेळेवर मिळत होते का, कमी मिळाले तर तो कुणाकडे दाद मागत असे, हे सहसा कुणी विचारत नाही.

आज ह्या पानावर त्याच दिशेने थोडा विचार करू. कामगारांनी संघटना बांधावी आणि तिने व्यवस्थापनाशी बरोबरीने बसून बोलणी करावी, ह्याविषयी आपल्या घराघरांत दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे संघटना म्हणजे भांडण, घोषणा, संप आणि शेवटी कारखान्याला टाळे. दुसरे मत सौम्य आहे, म्हणूनच ते अधिक विचार करण्यासारखे आहे. ते म्हणते, मालक वाईट असेल तर संघटना जरूर करा. पण मालक भला असेल, माणसांना घरच्यासारखे वागवत असेल, तर संघटना कशाला? तो त्याच्या भलेपणाचा अपमान नाही का? खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपले वाडवडील सांगत आले.

आपण मराठवाड्यातली माणसे. ह्या मिठाची चव आपल्याला चांगली ठाऊक आहे. नांदेड-लातूरच्या खेड्यांत सालगड्याचे साल पाडव्याला ठरायचे आणि पुढच्या पाडव्याला संपायचे. मालक वर्षाचा आकडा सांगायचा, त्यातली काही रक्कम उचल म्हणून हातावर ठेवायचा, वर ठरलेली ज्वारी आणि एखादा कपडा. पहाटे बैलांना वैरण टाकण्यापासून रात्रीच्या जागलीपर्यंत गडी बांधलेला. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा असे सालाने राहिले आहेत. त्यांचे सगळेच मालक दुष्ट होते असे नाही. गड्याच्या मुलीच्या लग्नाला पैसे देणारे, आजारपणात स्वतः दवाखान्यात नेणारे मालक होते, आजही आहेत. पण त्या नात्यात एक गोष्ट नव्हती. 'हा आकडा कमी आहे' असे गड्याला म्हणता येत नव्हते. म्हटले की तो कृतघ्न ठरायचा. लग्नाला दिलेला पैसा ही कृपा, आणि कृपेचा हिशेब मागता येत नाही. तोच पैसा पुढच्या सालाच्या आकड्यातून वळता व्हायचा तेव्हा मात्र मालकाच्या वहीत त्याचा हिशेब चोख असायचा.

ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला करार म्हणायचे का?

पोप लिओ तेरावे ह्यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले तेव्हा नेमका हाच मुद्दा धरला होता. मालक आणि मजूर दोघांनी आपसांत मजुरी ठरवली म्हणून ती न्याय्य झाली असे होत नाही. पोटाच्या भीतीने माणूस कमी मजुरीला कबूल होतो तेव्हा त्याच्यावर जबरदस्तीच झालेली असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणून कामगारांनी एकत्र येणे हा त्यांनी माणसाचा नैसर्गिक हक्क मानला आणि सरकारला तो हिरावता येत नाही, असे बजावले. त्याच परिपत्रकात कामगारांनाही सुनावले आहे की ठरलेले काम प्रामाणिकपणे करा, मालकाच्या मालमत्तेची नासधूस करू नका, हिंसेच्या वाटेला जाऊ नका. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, मालक मंडळी ह्यातला दुसरा भाग वाचतात आणि कामगार पुढारी पहिला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा तेराव्या लिओंच्या ह्याच पत्राची आठवण त्यांनी सांगितली होती. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्या श्रमाचे काय होणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे.

भल्या मालकाचा पेच मात्र पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्या मायदेशी अधिक स्पष्टपणे उभा राहिला. महायुद्धाच्या काळात, तरुणपणी, ते स्वतः दगडखाणीत आणि नंतर रसायनांच्या कारखान्यात मजूर होते. पुढे पोलंडमध्ये कामगारांचे राज्य आले. निदान तसे सांगितले जात होते. कारखाने जनतेचे, सरकार कामगारांचे, मग कामगारांना निराळी संघटना हवीच कशाला? स्वतःविरुद्ध कुणी संप करतो का? ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात संपावर बसलेल्या कामगारांनी एकवीस मागण्या लिहून काढल्या. पगारवाढ, मांस, निवृत्तीचे वय हे सगळे त्यांत होते, पण पहिली मागणी होती ती पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र अशा संघटनेची. आधी बोलणारे तोंड आपले असू द्या, मग काय बोलायचे ते ठरवू. त्यातून 'सॉलिडॅरिटी' उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप महोदयांचे श्रमाविषयीचे परिपत्रक आले. संघटनेचा लढा न्यायासाठी असावा, दुसऱ्याचा नायनाट करण्यासाठी नव्हे. संप हा न्याय्य पण शेवटचा उपाय. लोकांच्या जीवनावश्यक सेवा अडता कामा नयेत. आणि संघटनेने राजकीय पक्षाच्या दावणीला बांधून घेऊ नये, हे सगळे त्यात आहे.

पोलंड दूरचा. पण सरकार हेच मालक, ही गोष्ट नांदेडकरांना नवी नाही. निजामाच्या काळात उभ्या राहिलेल्या उस्मानशाही मिलचे १९७४ साली आजारी कापड गिरण्यांच्या कायद्याखाली राष्ट्रीयीकरण झाले आणि ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. खासगी मालकाच्या जागी देशाचे सरकार आले. तरीही गिरणी वाचली नाही. ज्याने वाचवण्यासाठी हातात घेतली त्याच्याच हातात ती बंद पडली. वाचवणाऱ्याची इच्छा चांगली होती, हे आपण मान्य करू.

सरकारी मालकाचा मोठा धडा मात्र आपण सर्वांनी अगदी अलीकडे पाहिला, तो एसटीच्या संपात. त्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात कोण बरोबर आणि कोण चूक हे वाटते तितके सरळ नाही.

२७ ऑक्टोबर २०२१ रोजी एसटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केले. दुसऱ्याच दिवशी परिवहन मंत्र्यांशी बोलणी झाली, महागाई भत्ता २८ टक्क्यांवर आला, पुढाऱ्यांनी आंदोलन मागे घेतले. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे प्रकरण इथे मिटायला हवे होते. ते मिटले नाही. आगाराआगारांतल्या चालक-वाहकांनी आपल्याच पुढाऱ्यांचे ऐकले नाही. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ह्या एकाच मागणीवर ते अडून बसले आणि नोव्हेंबरात राज्यातील सुमारे अडीचशे आगारे ठप्प झाली. देगलूर, किनवट, मुखेड, उदगीर, निलंगा, अहमदपूर, सगळीकडे लाल गाड्या रांगेने उभ्या.

ह्यातला चमत्कारिक भाग लक्षात घ्या. ज्यांच्याशी करार झाला, ते त्या घटकेला कुणाचेच प्रतिनिधी उरले नव्हते. आणि जे कामावर येत नव्हते, त्यांच्या वतीने सही करील असे कुणी नव्हते. सरकारने बोलायचे कुणाशी? वर्षानुवर्षे मान्यताप्राप्त संघटना आणि व्यवस्थापन ह्यांची बैठक होत होती, कराराची कागदे फिरत होती, फोटो येत होते. पण खालच्या माणसाला त्या बैठकीत आपण बसलो आहोत असे वाटेनासे झाले होते. दुसऱ्या सरकारी खात्यांतल्या वाहनचालकाचा पगार आणि आपला पगार ह्यांतले अंतर तो पाहत होता. टाळेबंदीत परप्रांतीय मजुरांना सीमेपर्यंत सोडून आलेला, मुंबईला बेस्टच्या मदतीला पाठवलेला हाच माणूस, आणि त्याच काळात पगार लांबत गेलेलाही हाच. त्या काळात अनेक एसटी कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्या घरांपुढे कुठलाही ताळेबंद मांडता येत नाही.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना ४,००० आणि त्याहून जुन्यांना २,५०० रुपये. नव्या, सर्वांत कमी पगारावरच्या माणसाला सर्वांत जास्त वाढ, हे न्यायाला धरून होते. तरीही बहुसंख्य कर्मचारी परतले नाहीत. विलीनीकरण शक्य नाही, असा अहवाल मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या समितीने दिला. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले, आणि परतणाऱ्यांना कामावरून काढू नये असेही सांगितले. दुसऱ्या दिवशी मुंबईत एका ज्येष्ठ नेत्याच्या घरावर जमाव चालून गेला, दगड-चपला फेकल्या गेल्या. एप्रिल सरतासरता गाड्या सुटू लागल्या.

आमचे मत विचाराल तर, पगाराची मागणी पूर्णपणे न्याय्य होती. पण नोव्हेंबरातली वाढ हाती आल्यावर, लोकांची गाडी सुरू ठेवून, पुढची लढाई न्यायालयात आणि बैठकीत लढता आली असती. सहा महिने किनवटच्या पाड्यावरच्या रुग्णाने, शाळेला निघालेल्या मुलीने काळी-पिवळी जीपला दुप्पट पैसे मोजले, नाहीतर घरी बसली. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याला संप कळलाही नाही. एसटीचा संप गरिबाने गरिबाविरुद्ध केल्यासारखा होतो, ह्याचे भान पुढारपण करणाऱ्यांनी ठेवायला हवे होते. इतके म्हटल्यावरही एक प्रश्न उरतो. चालक-वाहक इतके एकांतिक का झाले? आपण शांतपणे बोललो तर कुणी ऐकत नाही, हे इतकी वर्षे त्यांना कुणी शिकवले? सोयीच्या पुढाऱ्यांशी सोयीचे करार करणाऱ्या व्यवस्थापनाला बरे वाटते, आपले कामगार गुणी आहेत. ते गुणी नसतात, मुके झालेले असतात. मुका माणूस एकदम बोलतो तेव्हा ओरडतोच.

मुंबईच्या गिरण्यांत हेच घडले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या मागे संपावर गेले. कायद्याने मात्र बोलणी करण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली तीच प्रातिनिधिक संघटना होती. कामगार एकीकडे आणि त्यांचा कायदेशीर प्रतिनिधी दुसरीकडे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आपल्या भागातून तिकडे गेलेली कितीतरी कुटुंबे मग गावी परतली, ती कहाणी निराळी.

आता तिसऱ्या प्रकारचा भला मालक. सहकार.

सहकारी साखर कारखाना हा शेतकऱ्यांचा. ऊस देणारा सभासद हाच मालक. वार्षिक सभेत त्याला बोलता येते, मत देता येते. कारखान्याच्या आत, मिलवर आणि बॉयलरवर काम करणाऱ्या कायम कामगारांची संघटना असते आणि त्यांच्या वेतनाचा त्रिपक्षीय करार होतो. सगळे कसे रीतसर. पण ज्याच्या हाताने ऊस तुटतो तो ह्या दोन्ही दरवाजांच्या बाहेर आहे. दसरा-दिवाळीनंतर मुखेड-कंधारच्या तांड्यांतून, जळकोटच्या वाड्यांतून नवरा-बायको मुलांना घेऊन ट्रॅक्टरमध्ये बसतात. दोघे मिळून एक कोयता. कारखान्याचा करार वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी, तोही तोंडी, उचल देऊन. बाई बाळंतपणाला आली किंवा नवरा तापाने पडला तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उलट कापले जातात. कारखान्याला विचारले तर तो म्हणतो, ही आमची माणसेच नाहीत, मुकादमाची आहेत. मुकादम म्हणतो, मी तर स्वतःच हमाल. लाखो माणसांनी वर्षातले पाच-सहा महिने ज्याच्यासाठी काम करायचे, तो मालक कोण हे मात्र सापडत नाही.

तरीही त्यांच्या संघटना आहेत, कोयते बंद ठेवण्याची ताकद आहे, आणि साखर संघाबरोबर त्यांची बोलणी दर काही वर्षांनी होतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ही मोठी गोष्ट आहे. फक्त एवढेच नोंदवतो की त्या बैठकीत मजुरांच्या बाजूने आणि कारखान्यांच्या बाजूने बसणारे, दोन्हीकडचे, बहुधा राजकीय पुढारीच असतात. आणि अशा पुढाऱ्यांपैकी काहींचे स्वतःचे साखर कारखान्यांशी संबंध असतात. फडात कोयता चालवणारी बाई त्या टेबलापाशी आम्ही तरी पाहिलेली नाही. दर वाढतो, खाडा तसाच राहतो. कारण खाड्याचा त्रास तिला आहे, आणि ती तिथे नाही.

मग चांगले कुठे आहे काही? आहे. आपल्या मोंढ्यात आहे.

लातूरचा आडत बाजार आणि नांदेडचा नवा मोंढा आपण नेहमी पाहतो. सोयाबीन आणि तुरीच्या दिवसांत पोत्यांच्या थप्प्या, हमाल, मापाडी, अडते. हमालाचा मालक कोण? सकाळी एका अडत्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी खरेदीदाराचा ट्रक. अनेक मालक म्हणजे एकही मालक नाही, अशीच ही स्थिती, अगदी ऊसतोडीसारखी. मुंबईत अण्णासाहेब पाटील ह्यांनी डोक्यावर ओझे वाहणाऱ्या ह्या माथाडींना एकत्र केले, पुण्यात डॉ. बाबा आढाव ह्यांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. देशात असा कायदा तेव्हा दुसरीकडे नव्हता. त्यातली युक्ती साधी आहे. व्यापाऱ्यांनी मंडळाकडे नोंद करायची, हमालांनीही करायची. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापारी मंडळात भरतो. मंडळ हमालाला पगार देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, औषधपाणी ह्यांची सोय करते. त्या मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, आणि जोडीला सरकारचे. पुढे ही पद्धत मुंबईबाहेर इतर जिल्ह्यांतही गेली.

ह्या रचनेत व्यापारी भला असो की कंजूष, फारसे बिघडत नाही. तो कंजूष असला तरी लेव्ही भरावी लागते, आणि भला असला तरी हमालाला त्याचे उपकार मानावे लागत नाहीत. दोघे चहाच्या टपरीवर बरोबरीने चहा पितात. वर्षानुवर्षांच्या भांडणांतून आणि तडजोडींतून हे नाते तयार झाले आहे. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणावे हा आग्रह हमालांच्या संघटनेनेच धरला. व्यापाऱ्याला ते कसे सुचणार? ओझे त्याच्या मणक्यावर नव्हते. इथे वाईटपणाचा प्रश्नच नाही. भला माणूससुद्धा दुसऱ्याच्या पाठीचे दुखणे स्वतःहून ओळखू शकत नाही, कुणीतरी त्याला ते सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याची रोजी त्याच्या मर्जीवर असेल तर तो सांगत नाही. संघटना हवी ती एवढ्याचसाठी.

दुसरी बाजूही लपवू नये. हमालीचा दर वाढला की त्यातला काही भाग शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जातो, आणि सोयाबीनचा भाव पडलेला असेल तर तो शेतकरी हमालाइतकाच गांजलेला असतो. दर वाढीसाठी बाजार बंद ठेवला तर गाडी घेऊन आलेल्या माणसाची रात्र ट्रॅक्टरखाली जाते. शिवाय औद्योगिक वसाहतींत माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्या निघाल्या. ही तक्रार खोटी नाही. तिच्या आधारे २०२३ साली कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधिमंडळात आले तेव्हा खऱ्या हमालांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. चोराला धरण्याच्या निमित्ताने घरच मोडू नका, असे त्यांचे म्हणणे. संघटनेचे नाव लावून लुबाडणाऱ्याने मालकाचे नुकसान केलेच, पण हमालाचे त्याहून अधिक केले, कारण त्याने पुढच्या प्रामाणिक माणसाचा शब्द हलका केला.

बंधुभगिनींनो, इथवर आपण दुसऱ्यांविषयी बोललो. जमीनदार, सरकार, सहकार, व्यापारी. आता चौथा भला मालक उरला. शाळा, दवाखाने, वसतिगृहे चालवणाऱ्या आपल्या ख्रिस्ती संस्था, आणि धुणीभांडी करायला बाई ठेवणारी आपली घरे.

ह्या ठिकाणी 'घरच्यासारखे' हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो खोटाही नसतो. पण केरळमध्ये २०११-१२ च्या सुमारास खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका तुटपुंज्या पगाराविरुद्ध संघटित होऊन संपावर गेल्या, तेव्हा त्या रुग्णालयांत ख्रिस्ती व्यवस्थापनाचीही होती. संप करणाऱ्यांत आणि व्यवस्थापनात, दोन्हीकडे, रविवारी मिस्साला जाणारी माणसे. सेवा हा शब्द तेव्हा दोन्ही बाजूंनी वापरला गेला. व्यवस्थापन म्हणे, ही सेवा आहे, तिच्यात मोलतोल नको. परिचारिका म्हणत, सेवा तुम्ही स्वीकारलीत, आमच्या मुलांची फी कुणी स्वीकारली? अमेरिकेच्या महागुरुस्वामींनी १९८६ सालीच अर्थव्यवस्थेविषयीच्या आपल्या पत्रात लिहून ठेवले होते की संघटित होण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क ख्रिस्तसभेच्या संस्थांनीही आपल्या कर्मचाऱ्यांना दिला पाहिजे. दुसऱ्याच्या कारखान्यासाठी जे शिकवायचे ते आपल्या कचेरीत लागू नाही, असे म्हणता येत नाही.

आणि आता हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांत लागते. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला एकटीने बोलणी करण्याचा अधिकार आहे. ह्यातले काय चांगले, काय वाईट ह्यावर कामगार संघटनांचे आणि सरकारचे भांडण चालू आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट 'उद्योग' ह्या शब्दाच्या व्याख्येत आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, धर्मादाय संस्था ह्यांनाही ह्या व्याख्येत आणले होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा हेच मुख्यतः काम असलेल्या संघटनांच्या संस्था त्यातून वगळल्या, आणि घरकामही वगळले. म्हणजे कायद्याने नेमकी दोन दारे मोकळी सोडली, आणि ती दोन्ही आपल्याकडची आहेत. इन्स्पेक्टर विचारायला येणार नाही म्हणून सुटलो असे वाटणे साहजिक आहे. पण याकोबाच्या पत्रात रोखून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश प्रभूच्या कानी गेल्याचे जे लिहिले आहे, त्यात कुठल्या संस्थेला सूट दिलेली दिसत नाही.

कायदा सांगत नाही म्हणून करता येत नाही, असे थोडेच आहे? वीस किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यावर दोन्ही बाजूंचे सभासद सारखे हवेत, असे हीच संहिता सांगते. आपल्या संस्था ती स्वखुशीने नेमू शकतात. शिपाई, स्वयंपाकीण, वसतिगृहाच्या मावशी, विनाअनुदानित वर्गावरच्या शिक्षिका ह्यांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडावेत. व्यवस्थापकांनी आवडीची माणसे नेमू नयेत. पगाराचा आकडा आणि रजा कागदावर लिहून द्यावी. घरकामाच्या बाईशी पगार, आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीचा बोनस वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठरवावा. घरकामगारांसाठी राज्याचा कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, त्यात तिची नोंद करायला मदत करावी.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो. 'आम्ही विचारतो हो, पण ह्या बाया काही बोलतच नाहीत. सगळं ठीक आहे म्हणतात.' विचारणारे खुर्चीत बसलेले असतात आणि त्या दाराशी उभ्या असतात, तोवर त्या हेच म्हणणार. त्यांना सगळ्यांना मिळून बसायला एक खोली द्यावी, चहा द्यावा, आणि पहिला एक तास संस्थाचालकांनी बाहेर थांबावे.